आर्मस्ट्राँगचे जुने लिव्हर शॉकअप, रेससाठी बांधलेल्या एमजीएवर: आठ महिन्यांनंतर

एमजीए ही एमजी या ब्रिटिश कंपनीची स्पोर्ट्स गाडी १९५५ ते १९६२ या काळात बनली. तिला पुढे-मागे चारही ठिकाणी आर्मस्ट्राँग कंपनीचे लिव्हरवाले शॉकअप होते, नळीचे नव्हते. यात तेलाने भरलेली बॉडी सांगाड्याला बोल्टने बसते आणि तिच्या शाफ्टवरचा लिव्हर, म्हणजे हात, चाकाबरोबर वर-खाली होतो. आठ महिन्यांच्या वापरानंतरचं मत आधीच सांगतो: शाफ्टची जागा झिजलेली नसेल तर हे जुने शॉकअप टाकून द्यायचं काहीच कारण नाही. झिजलेली असेल तर मात्र नुसतं तेल भरत बसू नका, आठवड्यात गाडीखाली पुन्हा डाग दिसेल.

आधी ओळख. जुन्या रेसकारसोबत बहुतेक वेळा सुट्या शॉकअपची पेटी येते आणि त्यात चार गाड्यांचा माल मिसळलेला असतो. नावावर जाऊ नका, कारण आर्मस्ट्राँगने कितीतरी ब्रिटिश गाड्यांना शॉकअप पुरवले. आधी बोल्टच्या भोकांचं अंतर मोजा, मग शाफ्टच्या मध्यापासून टोकाच्या भोकाच्या मध्यापर्यंत हाताची लांबी, आणि हात कोणत्या कोनात बसतो ते बघा. मागच्यांत डावा-उजवा वेगळा असतो. पुढच्या शॉकअपला दोन हात असतात, कारण तेच सस्पेन्शनचा वरचा विशबोन, म्हणजे चाक वरून धरणारा दोन पायांचा दांडा, म्हणून काम करतात.

हे शेवटचं नीट लक्षात घ्या. पुढचा शॉकअप काढायचा म्हणजे वरचा विशबोन काढायचा. खालच्या स्प्रिंग पॅनला (स्प्रिंग ज्या ताटलीवर बसते तिला) जॅकचा भक्कम आधार दिल्याशिवाय त्या बोल्टला पाना लावू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात-तोंड वाचत नाही.

पेटीत कोनी (Koni) कंपनीचे लाल रंगाचे, नळीचे शॉकअपही असू शकतात. ते आडवे पडून राहिले असतील तर आतल्या नळीत हवा शिरलेली असते. उभे धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा-ओढा, त्यानंतरच चांगले-वाईट ठरवा. जुन्या क्लासिक प्रकारात रॉड पूर्ण आत दाबून हलकेच फिरवला की ॲडजस्टर पकडतो आणि रिबाउंड, म्हणजे शॉकअप परत उघडतानाचा विरोध, कमी-जास्त होतो. पकडतच नसेल तर आत काहीतरी मोडलेलं असू शकतं. एमजीएला मागे ते लावायचे तर वेगळे ब्रॅकेट वेल्ड करावे लागतात, आणि गाडी पूर्ण दबली तरी शॉकअपला आणखी थोडं दबायला जागा शिल्लक राहील अशी लांबी हवी. मूळ सांगाड्याला वेल्डिंग करणं आम्हाला पटलं नाही.

लिव्हर शॉकअप तपासायचा तर वाइसमध्ये उभाच धरा. गाडीवर जसा बसतो तसा, झाकण वर. हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश हलवा. दोन्ही दिशांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग जोर लागायला हवा. मधेच मोकळा जात असेल तर तेल कमी आहे, हवा आहे किंवा व्हॉल्व्हखाली कचरा अडकलाय. हात जागचा हलतच नसेल तर पिस्टन जाम आहे किंवा आतला भाग तुटलाय. मग हात शाफ्टला काटकोनात वर-खाली हलवून बघा. बोटाला खेळ जाणवला की समजायचं, शाफ्टने ॲल्युमिनियमची बॉडीच खाल्ली. या शॉकअपला मुळात बदलता येईल असा बुश (शाफ्टभोवतीची बदलती बांगडी) नाही.

अशा बॉडीचं बोअरिंग करून ब्राँझचे बुश आणि ओठाचे ऑइल सील बसवता येतात. जिनिंगची मशिनं दुरुस्त करणारा कुठलाही चांगला लेथवाला हे करू शकतो, पण दोन्ही बाजूंचं बोअरिंग एकाच सेटिंगमध्ये व्हायला हवं. एका बाजूने करून मग बॉडी उलटली तर भोकं एका रेषेत येत नाहीत. हात जड चालतो आणि नवा सील लवकर जातो. आमच्या चारपैकी एका शॉकअपचं असंच झालं आणि पूर्ण काम परत करावं लागलं. शाफ्टवर चर पडले असतील तर हार्ड क्रोम आणि ग्राइंडिंग करून घ्या. एमरी पेपर मारून भागत नाही.

बॉडीवरचा मोठा षटकोनी नट उघडला की व्हॉल्व्ह बाहेर येतो. रेसच्या गाडीत कुणीतरी स्प्रिंगखाली वॉशर घालून तो कडक केलेला असू शकतो. घातलेले दिसले तर काढण्यापूर्वी जाडी मोजून लिहून ठेवा आणि डाव्या-उजव्याला तेवढीच जाडी ठेवा. एकात आहे, दुसऱ्यात नाही, अशी गाडी ब्रेक मारताना एका बाजूला झुकते.

आता तेल. इंजिन ऑइल घालू नका, फेस येतो. ब्रेक ऑइल तर मुळीच नको, ते या सीलसाठी नाही. सुरुवातीला मोटारसायकलचं १० ग्रेडचं फोर्क ऑइल घातलं होतं. एप्रिल-मेच्या ४५ अंशांत गाडी दोनदा डोलायची. २० ग्रेडवर एका झोकात बसते. ३० ग्रेड डिसेंबरच्या सकाळी नको तेवढं कडक वाटलं. काळ्या मातीवरचे रस्ते पावसात फुगतात, उन्हाळ्यात भेगाळतात, त्यामुळे लांब लाटा येतात. त्यांवर शॉकअपचा रिबाउंड कामी येतो. सलग जोरात चालवल्यावर मात्र शॉकअप मऊ पडतात. तेल थोडं असतं आणि लवकर तापतं, हा या रचनेचाच दोष आहे आणि तो तेल बदलून पूर्ण जात नाही.

भरताना प्लगभोवतीची धूळ आधी ब्रशने आणि डिझेलने साफ करा. मातीचा कण आत गेला की तो शाफ्ट घासत राहतो. थोडं तेल टाका, हात दहा-बारा वेळा पूर्ण फिरवा, बुडबुडे थांबले की परत टाका. प्लगच्या भोकाच्या खालच्या काठाशी थांबा. वर जी हवा राहते ती लागते, तेल तापून फुगतं. मागचे शॉकअप गाडीवरच भरायचा प्रयत्न करू नका, काढूनच भरा.

मागच्या शॉकअपला ॲक्सलशी जोडणाऱ्या लिंकचे रबर तिसऱ्याच महिन्यात फाटले. खडखड आवाज आला की शॉकअपवर संशय घेण्याआधी हे रबर बघा. पुढच्या शॉकअपचे चारही बोल्ट पहिल्या २०० किलोमीटरनंतर पुन्हा कसा, त्यानंतर दर महिन्याला पाना लावून पाहा.