दाजीपूरच्या वाटेवरचा होमस्टे : पाचपैकी साडेचार स्टार

आधीच सांगतो, मी जंगलात रमणारा माणूस नव्हे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर २८ वर्षं काढली, आता रंकाळ्याला फेऱ्या मारतो. पोरगी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी खवले मांजराच्या चोरट्या व्यापाराचा सर्व्हे करायला निघाली. तिची आई म्हणाली, एकटी जायचं नाही. म्हणून मी ड्रायव्हर.

राधानगरीच्या पुढं एका वाडीत दोन रात्री राहिलो. घराला पाटी नाही आणि वाडीचं नाव मी मुद्दाम टाकत नाही. पोरीनं तिथल्या लोकांना शब्द दिलाय. त्या बाजूला गेलात तर अशी घरं सापडतील.

खोली साधी, पडवी शेणानं सारवलेली. पाणी बंबात तापवून देतात. संडास परसात, रात्री बॅटरी घेऊन जायचं. गादी मात्र गादी म्हणावी अशी नव्हे. डिसेंबरात खालून फरशी बोलते. अर्धा स्टार तिथं गेला. जेवणासकट माणशी नऊशे रुपयांत तक्रार करायला तोंड नाही, पण पाठ माझी आहे.

जेवण एक नंबर. नाचणीची भाकरी, चुलीवरचा गावठी कोंबडीचा रस्सा, सकाळी हुलग्याचं माडगं. तांबडा-पांढरा मागू नका. मी मागितला. मावशी म्हणाल्या, "त्यो तुमच्या कोल्हापुरात खावा की पावणं."

पहिल्या रात्री माझ्याकडून घोटाळा झाला. पंगतीत शेजारपाजारची चार माणसं होती. मी आपला सहज बोलून गेलो, "इथं मिळतं का वो ते खवले मांजर?" सगळ्यांचे हात ताटात थांबले. कुणी भाताकडं बघतंय, कुणी कंदिलाकडं. पोरीनं माझ्याकडं असं बघितलं की मी रस्सासुद्धा परत मागितला नाही. नंतर तिनं बाहेर नेऊन झापलं. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे पप्पा, तीन ते सात वर्षं कैद आणि दंड २५ हजारांच्या खाली नाही; असं विचारल्यावर कोण सांगेल?

मग तिनं तिची पद्धत सांगितली. निम्म्या लोकांना चार कामांची यादी द्यायची. उरलेल्या निम्म्यांना तीच चार कामं आणि पाचवं, 'खवले मांजर पकडलं किंवा विकलं'. कुणाला कुठली यादी, ते चिठ्ठी टाकून. यातली कुठली कामं केली हे विचारायचंच नाही, वर्षभरात किती केली तेवढा आकडा घ्यायचा. दोन्ही गटांच्या सरासरीत जो फरक पडेल, तेवढं पाचव्या कामाचं प्रमाण. कोण एकटा सापडत नाही, पण गावाचा अंदाज येतो. मी म्हटलं, म्हणजे भरलेली गाडी वजा रिकामी गाडी, उरला तो ऊस. पोरगी गप्पच झाली. गाईड मॅडमनी तिला हे समजवायला दुपार घालवली होती म्हणे.

हे सगळं मावशी भांडी घासत ऐकत होत्या. हात पुसून आल्या आणि म्हणाल्या, "बघू गं तुझी यादी." यादीत होतं: भात लावला, करवंदं आणली, जत्रेला गेलो, मोबाईलला रिचार्ज मारला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "पोरी, ही चारी कामं हितं समदीच करत्यात. मग ज्यानं पाचवं केलंय त्यो पाच म्हणणार. पाच म्हटलं की सापडलाच की! त्यो चारच म्हणंल."

मी काट्यावर हजारो गाड्या बघितल्या, पण ही चोरी माझ्या लक्षात आली नव्हती. दुसऱ्या दिवशी दोघींनी चुलीपाशी बसून नवी यादी केली. कुणी केलेली, कुणी न केलेली कामं शोधली: मुंबईला कामाला राहिलो, म्हैस विकली, घरावर पत्रे घातले, मधाच्या पेट्या ठेवल्या. मला अध्येमध्ये बोलायची परवानगी नव्हती.

मावशींचा मुलगा सकाळी रानात फिरवतो, त्याचे वेगळे पैसे. गवे लांबून दिसले, शेकरू अगदी डोक्यावर. मी म्हटलं, खवले मांजराचं बीळ तरी दाखव. तो सरळ नाही म्हणाला. पैसे देऊन आलोय म्हटल्यावर मला राग आला, खोटं कशाला बोलू. त्यानं शांतपणे सांगितलं, "ह्याला दात न्हाईत, पळ न्हाई. भ्यालं की गोळा हुतंय. बिबट्याला उलगडत न्हाई, पर माणूस पोत्यात घालून नेतोय. तुम्ही फोटो टाकणार, कुणीतरी जागा वळखणार." खवलं म्हणजे आपल्या नखासारखाच पदार्थ, असं पोरगी म्हणाली. २०१६ साली जगभरच्या व्यापारावर बंदी घालायचं ठरलं, तरी औषध म्हणून मागणी आहेच. माझा राग गगनगिरी महाराजांच्या मठापर्यंत उतरला.

परतताना त्यानं झुडपातून एक फास काढला, मोटारसायकलच्या क्लच वायरचा. डुकरासाठी लावलेला. कुणी लावला ते मी विचारलं नाही, एवढं मी शिकलो होतो. मावशींचं म्हणणं वेगळं होतं. डुकरं एका रात्रीत भात लोळवतात, पंचनाम्याला माणूस येईपर्यंत उरलेलं पण जातं. "जनावर राखा म्हणत्यात. राखतो की. पर आमचं भात कोण राखनार?" त्यांच्याकडं पावणे राहायला लागल्यापासून मुलगा गोव्याला कामाला गेला नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

जुनी यादी भरलेले अकरा कागद पोरीनं बाद केले. नव्या यादीसाठी फेब्रुवारीत परत जायचंय, बुकिंग झालंय. निघताना मी गादीचं बोललो. मावशी म्हणाल्या, "पुढच्या बारीला घरची घिऊन या की, गाडी हाय न्हवं?"