नागपुरात सीताबर्डीच्या गल्लीतलं वाइंडिंगचं दुकान

पाटी अर्धी पुसलेली, पण काम पाहा. पोर्टेबल एक्स-रे मशीनच्या सप्लायसाठी मला 100 किलोहर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर हवा होता. बाकी सगळीकडे एकच उत्तर, "मोटर असेल तर आणा." इथल्या काकांनी फेराइटचा (चुंबकीय सिरॅमिकचा) कोअर हातात घेऊन आधी विचारलं, "लिट्झ वायर आणली का भाऊ?" तिथंच मी खूश. (लिट्झ म्हणजे वेगवेगळ्या इन्सुलेट केलेल्या बारीक तारा वळून केलेली तार.) या फ्रिक्वेन्सीला करंट तांब्याच्या वरच्या साधारण 0.2 मिलिमीटरमध्येच दाटतो, जाड तार फुकट जाते.

पहिला नग फसला. सेकंडरी, म्हणजे हाय व्होल्टेजची बाजू, सलग लांब थरांत गुंडाळल्यानं वाइंडिंगची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) फार वाढली, रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी खाली सरकली आणि फिरत्या करंटनं मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) तापले. (ड्रॉइंग माझंच होतं, काकांचा दोष नाही.) दुसऱ्यांदा बॉबिनचे सहा कप्पे केले. कपॅसिटन्स उतरली, उरली ती एलसीसी सर्किटमध्ये (एक कॉइल आणि दोन कपॅसिटर असलेलं रेझोनंट सर्किट) समांतर कपॅसिटर म्हणून कामी आली.

व्हॅक्यूम पॉटिंग (हवा काढून रेझिन भरणं) मात्र इथं होत नाही. हाय व्होल्टेजला हवेचा एक बुडबुडाही चालत नाही, म्हणून ते बाहेरून करून घेतलं. मे महिन्यात जाणार असाल तर सकाळीच जा. कूलर एकच, तोही काकांकडे तोंड करून. फसलेल्या नगाचे पैसे घेतले नाहीत.