सोलापुरातले कार ड्रायव्हिंग क्लास: पाय शिकतात, डोळे राहून जातात

सोलापुरात कार शिकवणाऱ्या क्लासचे बोर्ड बघितले तर बहुतेकांवर मजकूर सारखाच असतो: पंधरा दिवस, रोज अर्धा तास, लायसन्ससह. हा कोर्स घ्यावा का? घ्यावा. घरच्या माणसाच्या शेजारी बसून नव्या गाडीवर शिकण्यापेक्षा डबल कंट्रोलच्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक-क्लच असलेल्या गाडीत शिकणं कितीतरी सुरक्षित. पण बोर्डावर लिहिलंय तेवढंच घेऊन बाहेर पडलात तर तुम्हाला गाडी हलवता येईल, रस्त्यावर चालवता येणार नाही. क्लच, गिअर, ब्रेक हे पायांचं काम बहुतेक क्लास नीट शिकवतात. आरसे, अंतर, चौकात आधी जायचा हक्क कोणाचा हे डोळ्यांचं काम मात्र राहून जातं. ते मागून घ्यावं लागतं.

आधी हिशेब बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे खासगी गाडीचं प्रशिक्षण किमान 21 दिवसांचं हवं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान 10 तासांचं. रोज अर्धा तास धरला तर 21 दिवसांत साडेदहा तास होतात, म्हणजे नियम आणि अर्धा तास यांचा मेळ बसतो. पंधरा दिवसांत साडेसातच तास होतात. त्यातही एका फेरीत दोघांना बसवून अर्ध्या रस्त्यात सीट बदलली तर हातात उरतात पावणेचार तास. दुसरा चालवत असताना मागे बसून बघण्याचा थोडा उपयोग होतो, पण तो वेळ चालवण्याच्या तासांत मोजायचा नाही. म्हणून फी विचारण्याआधी एकच प्रश्न विचारा: स्टिअरिंग माझ्या एकट्याच्या हातात एकूण किती तास असेल? 2021 पासून लागू झालेल्या मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांच्या नियमांत हलक्या वाहनाचा कोर्स 29 तासांचा आहे आणि त्यातले 21 तास चालवण्याचे. यावरून दहा तास किती थोडे आहेत ते कळतं.

गाडीत बसल्यावर शिकवणाऱ्याच्या पायाकडे लक्ष ठेवा. डबल कंट्रोल म्हणजे त्याच्या बाजूला ब्रेक आणि क्लचचे जादा पेडल, तुमच्या पेडलला जोडलेले. त्याने क्लच दाबला की तुमचा पेडलही तुमच्या पायाखाली आपोआप खाली जातो. पहिले चार-पाच दिवस हे ठीक आहे. पण बरेच शिकवणारे गाडी बंद पडून वेळ जाऊ नये म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत क्लच स्वतःच सांभाळतात. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्याला जमलं. घरच्या गाडीत बसल्यावर पहिल्याच सिग्नलला ती तीनदा बंद पडते. दहाव्या दिवसानंतर स्पष्ट सांगा, ‘सर, आता क्लचवर पाय ठेवू नका, गाडी बंद पडू दे.’ बंद पडलेली गाडी घाबरून न जाता पुन्हा चालू करणं हाही धडाच आहे: क्लच आणि ब्रेक दाबा, गिअर न्यूट्रलला आणा, चावी फिरवा, पहिला गिअर टाका, आरसा बघा, मग निघा. मागचे हॉर्न वाजवत राहतील. त्यांच्या घाईने तुमचा क्रम मोडू देऊ नका.

हाफ क्लच शिकवण्यात आपल्याकडचे क्लास चांगले आहेत, हे मान्य करायला हवं. सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पायाने न दाबता, नुसत्या क्लचवर गाडी हलवायला लावतात. ही पद्धत योग्य आहे. क्लच सावकाश सोडताना एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं. तिथे पाय दोन सेकंद रोखायचा आणि गाडी सरकली की उरलेला क्लच सोडायचा. बंद पडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, त्या जागेवर पाय न थांबणं. चढाचा सराव मात्र कमी पडतो, कारण शहर बरंचसं सपाट. रेल्वेवरच्या पुलाचा चढ मुद्दाम मागून घ्या. तिथे हँडब्रेक ओढून, हाफ क्लचला इंजिन जड झाल्यावरच हँडब्रेक सोडायचा. चढावर गाडी नुसत्या हाफ क्लचवर धरून उभं राहायची सवय लागली तर क्लच प्लेट जळते आणि खर्च मोठा येतो.

आठ काढणं (8 च्या आकारात गाडी फिरवणं) आणि रिव्हर्स यांचा सराव क्लास भरपूर करून घेतात, कारण टेस्ट त्याचीच असते. त्याबद्दल जास्त लिहायला नको. एवढंच: रिव्हर्सला ‘आता दीड राउंड मारा, आता सोडा’ असं पाठ करून घेतलं तर ते फक्त त्या मैदानापुरतं चालतं. मान वळवून मागच्या काचेतून बघत, मागचं चाक कोपऱ्यापाशी आलं की वळवायचं, असं शिकवा म्हणा.

आता डोळ्यांचं. आमची मोठी तक्रार आरशांबद्दल आहे. शिकाऊ गाडीचा डावा आरसा अनेकदा दुमडलेला असतो, नाहीतर शिकवणाऱ्याने स्वतःला दिसेल असा फिरवलेला. सोलापुरात डावीकडूनच दुचाकी आणि रिक्षा घुसतात, त्यामुळे हा दोष किरकोळ नाही. पहिल्या दिवशी सीट लावून घ्या: क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मग आतल्या आरशात मागची पूर्ण काच दिसू द्या. बाजूच्या आरशांत आपल्या गाडीची कड जेमतेम दिसावी आणि बाकी सगळा रस्ता. एवढं करूनही खांद्याच्या मागे एक आंधळी जागा उरते, तिथली दुचाकी कोणत्याच आरशात दिसत नाही. म्हणून वळण्याआधीचा क्रम आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून एक नजर आणि मग स्टिअरिंग असा हवा. इंडिकेटर देऊन लगेच वळणं म्हणजे मागच्याला बातमी द्यायची आणि विचार करायला वेळ द्यायचा नाही.

नियमांचा भाग क्लासमध्ये चिन्हांच्या तक्त्यावर उरकतात. लर्निंगच्या परीक्षेत साठ टक्के उत्तरं बरोबर येण्यापुरता तो पुरतोही. पण चौकात उपयोगी पडणारी गोष्ट तक्त्यावर नसते. सात रस्त्यासारख्या, अनेक रस्ते एकत्र येणाऱ्या ठिकाणी नवा चालक दोन चुका करतो: जिथे थांबायचं तिथे घुसतो आणि जिथे जायचं तिथे मध्येच उभा राहतो. गोल चौकात आधीपासून आत फिरणाऱ्या गाडीला जाऊ द्यायचं, हा नियम. लहान रस्त्यावरून मोठ्या रस्त्यावर येताना थांबून बघायचं, तिथे हक्क मोठ्या रस्त्याचा. लाल दिवा असताना डावीकडे वळायची मोकळीक सगळीकडे नसते, तसा बोर्ड किंवा हिरवा बाण असेल तरच वळायचं. रात्री सिग्नल पिवळा लुकलुकत असेल तर वेग कमी करून, बघून जायचं. लाल लुकलुकत असेल तर पूर्ण थांबून मग जायचं. रस्त्याच्या मधली पिवळी रेघ सलग असेल तर ती ओलांडून ओव्हरटेक नाही. या प्रत्येक गोष्टीसाठी शिकवणाऱ्याने त्या चौकात गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं समजावलं पाहिजे. चालत्या गाडीत ‘जाऊ द्या, जाऊ द्या, दाबा’ एवढंच सांगणारा असेल तर बॅच बदलून मागा.

बॅच निवडतानाही चूक होते. सगळ्यांना सकाळी सहाची वेळ हवी असते. ऊन नसतं, रस्ता मोकळा असतो, ऑफिसही गाठता येतं. पहिल्या आठ-दहा दिवसांसाठी ती वेळ उत्तमच. पण सगळा कोर्स पहाटे झाला तर शिकणाऱ्याने रहदारी बघितलेलीच नसते. शेवटचे सहा दिवस तरी संध्याकाळी सहानंतरचे घ्या. अशोक चौक, पार्क चौक, नवी पेठेच्या आजूबाजूचा भाग. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील एवढं अंतर ठेवून चालायचं. एवढं अंतर असलं की पुढची गाडी बंद पडली तरी रिव्हर्स न घेता बाजूने निघता येतं.

हायवेबद्दल आम्ही थोडं जास्त लिहिणार आहोत, कारण क्लासच्या कोर्सात तो बहुधा नसतोच आणि सोलापूरच्या माणसाला शहराबाहेर पडताच तो लागतो. पुण्याला जा, हैदराबादला जा, विजापूरला किंवा तुळजापूरला जा. पहिला धडा अंतराचा. ताशी 80 च्या वेगात गाडी एका सेकंदाला 22 मीटर जाते. धोका दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर 33 मीटर तसेच गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबून थांबायला आणखी साधारण 35 मीटर. एकूण जवळपास 70. आता दिवा डिपरवर, म्हणजे झोत खाली असताना समोरचा रस्ता नीट दिसतो तो ढोबळमानाने 40 ते 50 मीटर. म्हणजे रात्री डिपरवर 80 ने जाणारा माणूस आपल्याला दिसतं त्याच्या पलीकडे थांबणार आहे. वेग 50 वर आणला तर हेच अंतर सुमारे 35 मीटर होतं आणि दिव्याच्या आत बसतं.

हे आपल्या भागात पुस्तकी गणित नाही. गाळप हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रात्रभर चालतात. ट्रॉलीच्या मागे लोंबणाऱ्या उसाने रिफ्लेक्टर झाकला जातो, मागचा दिवा अनेकदा नसतोच. वेग ताशी 20 च्या आसपास. काळोखात तुम्हाला तो दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. दिवसा दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यावर त्याला ओलांडायचं तर हिशेब असा: ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या मिळून 18 मीटर, मागे-पुढे 20-20 मीटर मोकळी जागा आणि तुमची गाडी 4 मीटर, म्हणजे त्याच्यापेक्षा 62 मीटर जास्त जायचं. तुमचा वेग 60 असेल तर याला साडेपाच सेकंद लागतात आणि तेवढ्यात तुम्ही 90 मीटरपेक्षा पुढे गेलेले असता. समोरून 80 ने येणारी गाडी याच वेळात 120 मीटरपेक्षा जास्त जवळ येते. म्हणजे किमान सव्वादोनशे मीटर रस्ता रिकामा दिसला पाहिजे. वळण, पुलाचा चढ, धूळ यांतलं काही असेल तर मागेच राहा. कोजागरीला तुळजापूरला आणि वारीच्या दिवसांत पंढरपूरकडे लोक रात्री रस्त्याच्या कडेने चालत असतात, तेव्हा हाच हिशेब आणखी कडक ठेवावा लागतो.

क्लासला सांगा, 21 दिवसांतले दोन दिवस हायवेसाठी आणि एक दिवस अंधार पडल्यावरचा द्या. जादा पेट्रोलचे पैसे मागितले तर द्या, ते वाया जात नाहीत.

आता ‘लायसन्ससह’ या शब्दाकडे. लर्निंग लायसन्ससाठी एजंट लागत नाही. सारथी या सरकारी संकेतस्थळावर आधारच्या पडताळणीने घरूनच अर्ज, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ आणि परीक्षा होते. सरकारी फी प्रत्येक वाहन प्रकाराला 150 रुपये आणि परीक्षेचे 50. वय चाळीसच्या पुढे असेल तर डॉक्टरचा दाखला लागतो. लर्निंग हातात येण्याआधी स्टिअरिंगला हात लावू नका, क्लासची गाडी असली तरी. लर्निंग सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट 30 दिवसांनंतरच देता येते. म्हणून लर्निंग मिळालं की आठवडाभर थांबून 21 दिवसांचा क्लास सुरू करा, म्हणजे हात ताजा असतानाच टेस्टची तारीख येते. पंधरा दिवसांत क्लास संपवून महिनाभर घरी बसलेला माणूस आठ काढताना अडखळतो. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

‘टेस्टला फक्त फोटोपुरतं या, बाकी आम्ही बघतो’ असं कोणी म्हणालं तर तिथे पैसे भरू नका. लायसन्स मिळवून देण्याबद्दल दिशाभूल करायची नाही, ही क्लासच्या परवान्याचीच अट आहे. टेस्टमधून सूट फक्त मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्राच्या दाखल्याला आहे, साध्या क्लासच्या फॉर्म 5 ला, म्हणजे प्रशिक्षण पूर्ण केल्याच्या दाखल्याला नाही.

पैसे भरायच्या आधी क्लासमध्ये उभ्या उभ्या बघण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. क्लासचा परवाना भिंतीवर आहे का. गाडीवर क्लासचं नाव-पत्ता आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ आहे का. शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक खरंच लागतो का; उभ्या गाडीत तो दाबून मागचे लाल दिवे लागतात का ते बघा. दोन्ही बाजूंचे आरसे शाबूत आहेत का. मागच्या सीटचे बेल्ट सीटच्या खाली कोंबलेले तर नाहीत ना. आणि रोजच्या तासांची नोंद कशी ठेवतात ते विचारा. नियमाने क्लासला प्रत्येक शिकाऊ माणसाच्या चालवण्याच्या तासांची नोंदवही ठेवावी लागते. ती वही दाखवा म्हटल्यावर जो क्लास लगेच समोर ठेवतो, तिथे नाव नोंदवा आणि रोज उतरताना आपल्या नावापुढे किती मिनिटं लिहिली ते वाचूनच सही करा.