मॅरेज अलाउन्सचा ऑनलाइन अर्ज: फुकट आहे, स्वतःच भरा

पाचपैकी चार स्टार. सरकारी सेवेला मी सहसा इतके देत नाही.

मी इथे इंग्लंडमध्ये शाळेच्या किचनमध्ये पार्ट-टाइम आहे, हे बस चालवतात. माझा पगार पर्सनल अलाउन्सच्या, म्हणजे टॅक्स न लागणाऱ्या वर्षाच्या १२,५७० पौंडांच्या, बराच खाली. उरलेली सूट वायाच जायची. मॅरेज अलाउन्समध्ये त्यातले १,२६० पौंड जोडीदाराच्या नावे करता येतात आणि त्याचा टॅक्स वर्षाला २५२ पौंडांपर्यंत कमी होतो. २०१५ पासून ही सोय आहे, तरी आमच्या ओळखीत कितीतरी घरांना पत्ताच नाही.

अर्ज करायचा ज्याची कमाई कमी त्याने. हे मला फार आवडलं! एरवी टॅक्सचे सगळे कागद ह्यांच्या फाइलीत. इथे मात्र अर्जदार मी, ह्यांचा फक्त नॅशनल इन्शुरन्स नंबर (प्रत्येकाचा वेगळा सरकारी नंबर) मागून घेतला. लग्नाची तारीख विचारतात, ती मीच भरली, ह्यांना आठवली असती की नाही कोण जाणे. ओळख पटवायला पासपोर्ट, पे-स्लिप हाताशी ठेवा, नाहीतर मध्येच उठून कपाट उपसावं लागतं. ऑनलाइन जमत नसेल तर पोस्टाने पाठवायचा फॉर्मही आहे.

मागच्या चार वर्षांचं बसत असेल तर तेही मागता येतं. आमचं ते एकरकमी आलं. चालू वर्षाचं टॅक्स कोडातून, म्हणजे पगारातून किती टॅक्स कापायचा ते सांगणाऱ्या पे-स्लिपवरच्या कोडातून मिळतं: ह्यांच्या पे-स्लिपवर १२५७एल जाऊन १३८३एम आला, माझ्यावर ११३१एन. महिन्याला २१ पौंड. पुढे दरवर्षी आपोआप चालू राहतं, पण घटस्फोट झाला किंवा कमाई बदलली तर कळवायचं आपणच.

आमच्या एका मैत्रिणीने जाहिरात बघून रिफंड काढून देणाऱ्या कंपनीला गाठलं. पैसे आधी कंपनीकडे गेले आणि कमिशन कापून उरलेले हिच्या हाती आले. आणि त्यांनी केलं काय? मी चहा गार व्हायच्या आत केलं तेच.

एक स्टार कापला तो ५०,२७० च्या रेषेसाठी. सूट घेणाऱ्याची कमाई त्यावर गेली की सगळंच बंद, थोडंथोडं कमी होत नाही. माझ्या दिरांना बढती मिळाली आणि जाऊबाईंचा अर्ज तिथेच संपला. स्कॉटलंडमध्ये ही रेषा साधारण ४३,६६२ वरच येते.

लग्न किंवा सिव्हिल पार्टनरशिप (लग्नासारखीच कायद्याने नोंदवलेली जोडी) झालेली हवी; नुसतं एकत्र राहणाऱ्यांना मिळत नाही. आणि जोडप्यातलं कोणी ६ एप्रिल १९३५ पूर्वी जन्मलेलं असेल तर आधी मॅरिड कपल्स अलाउन्स बघा. तो वेगळा आहे, बहुधा जास्त फायद्याचा, आणि दोन्ही एकदम घेता येत नाहीत.