प्रत्यारोपित किडनीची धमनी अरुंद झाली: गोळ्या, फुगा, स्टेंट की शस्त्रक्रिया?

प्रत्यारोपणानंतर साधारण तीन महिने ते दोन वर्षांच्या काळात बीपी पुन्हा चढू लागलं, तीन-तीन गोळ्यांना दाद देईना, पाय सुजले, क्रिएटिनिन (किडनीचं काम कमी झालं की रक्तात वाढणारा टाकाऊ घटक) हळूहळू वाढलं, तर नव्या किडनीची धमनी अरुंद झाल्याचा संशय घ्यायलाच हवा. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल ही बीपीची औषधं सुरू केल्यावर आठ-पंधरा दिवसांत क्रिएटिनिनने उडी मारली, तर हा संशय बळावतो. पण रिजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारणं) आणि ते टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली वाढलेली पातळी यांतही क्रिएटिनिन असंच वाढतं, त्यामुळे तेही आधी तपासून घ्यावं लागतं.

पहिली तपासणी डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी. धमनीतल्या रक्ताचा वेग सेकंदाला 250 सेंटिमीटरच्या वर गेला की पुढचा तपास करतात. मात्र नस वळणाची असली तरी हा आकडा फुगतो. म्हणून एकट्या डॉप्लरवरून स्टेंटला (धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीला) होकार देऊ नये.

आता पर्याय. अरुंदपणा निम्म्याहून कमी, बीपी आटोक्यात आणि क्रिएटिनिन स्थिर असेल, तर गोळ्या व ठरावीक अंतराने डॉप्लर एवढं पुरतं. इथे एक सावधगिरी: बीपीसाठी डिल्टियाझेम दिलं तर टॅक्रोलिमसची पातळी वाढते, ती लगेच मोजावी लागते.

खरा प्रश्न पडतो तो फुगा आणि स्टेंट यांत. दोन्हींची सुरुवात एकच. जांघेतून सुमारे दोन मिलिमीटर जाडीची नळी घालतात, बारीक तार अरुंद जागेपलीकडे नेतात आणि तिच्यावरून धमनीच्या मापाचा, बहुतेक वेळा 4 ते 7 मिलिमीटरचा, फुगा फुगवतात. माप मोठं घेतलं तर धमनी चिरते. लहान घेतलं तर काही आठवड्यांत पहिले पाढे पंचावन्न. फुगा काढल्यावर लवचीक नस पुन्हा आक्रसते, धमनी जोडलेल्या टाक्याच्या जागी तर बऱ्याचदा. अशा वेळी आणि आतलं अस्तर सुटलं असेल तर स्टेंटच हवा, नस जास्त काळ मोकळी राहते. नस फुग्यानेच नीट उघडली, किंवा अरुंद जागा दोन फाट्यांच्या तोंडावर असेल आणि स्टेंटमुळे दुसरा फाटा झाकला जाणार असेल, तर निव्वळ फुगा बरा.

स्टेंटची खरी किंमत पुढच्या गोळ्यांत आहे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्त गोठू न देणारी औषधं काही महिने अखंड घ्यावं लागतं. त्या काळात बायोप्सीची (सुईने किडनीचा तुकडा काढून तपासण्याची) वेळ आली तर पंचाईत होते: गोळ्या थांबवाव्यात तर स्टेंट बुजण्याची भीती, चालू ठेवाव्यात तर रक्तस्रावाची. त्यामुळे बायोप्सी लागणार का, याचा निकाल स्टेंटच्या आधीच लावून घ्या. हा प्रश्न विचारायचा राहून जातो आणि नंतर महागात पडतो.

शस्त्रक्रिया हा शेवटचा पर्याय असला तरी काही वेळा पहिलाच ठरतो. धमनी दुमडली असेल, तर फुगा सोडताच ती परत दुमडते. टाके अगदी ताजे, म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतले असतील, तर फुग्याने शिवण उसवण्याचा धोका असतो. एरवी शस्त्रक्रियेत भोवतीच्या कठीण झालेल्या ऊतींमधून वाट काढताना किडनीच गमावण्याची शक्यता बरीच असते. पहिल्या काही दिवसांत लघवी एकाएकी बंद पडली तर ती गुठळी असू शकते. तिथे तुलना करत बसू नये, मिनिटं मोजावीत.

नाशिकमधल्या रुग्णाचं प्रत्यारोपण मुंबई किंवा पुण्यात झालं असेल, तर तिथला ऑपरेशनचा कागद सोबत असू द्या. त्यात धमनी कोणत्या नसेला आणि कशी जोडली, किडनीला एक धमनी आहे की दोन, हे लिहिलेलं असतं. बाहेरच्या इलियाक धमनीला (ओटीपोटातून पायाकडे जाणाऱ्या धमनीला) कडेने जोडली असेल, तर बहुधा त्याच बाजूच्या जांघेतून जाता येतं; आतल्या इलियाकला (तिच्या ओटीपोटात जाणाऱ्या फाट्याला) टोकाला टोक जोडलं असेल, तर विरुद्ध बाजूच्या जांघेतून जाणं सोपं. कागद नसेल तर वाट शोधण्यातच डाय (क्ष-किरणात धमनी दिसावी म्हणून सोडायचं औषध) जास्त खर्च होतो आणि तो किडनीला झेपत नाही. डाय कमीत कमी लागावा म्हणून कार्बन डायऑक्साइड वायूने चित्र घेता येईल का, हे कॅथ लॅबमध्ये (जिथे ही प्रक्रिया होते तिथे) आधीच विचारा. आणि उपचार इथे करायचा ठरला, तरी रक्तवाहिनीचे सर्जन आणि नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) त्याच दिवशी हजर असतील ना, याची खात्री करा. धमनी फाटली तर कसारा घाट उतरायला वेळ नसतो.

प्रक्रियेनंतर चार ते सहा तास पाय सरळ ठेवावा लागतो. जांघेत गाठ येणं, कंबर दुखून बीपी खाली येणं ही रक्तस्रावाची लक्षणं. नर्सला लगेच सांगायची. नस उघडल्यावर बीपी झपाट्याने उतरू शकतं. जुन्या सगळ्या गोळ्या तशाच चालू ठेवल्या तर चक्कर येते आणि किडनीला रक्त कमी पडतं, म्हणून डिस्चार्जच्या वेळी बीपीचे डोस नव्याने लिहून घ्या. पुढच्या तारखेच्या डॉप्लरला एकच सोनोग्राफी सेंटर ठेवा. दोन मशीनचे आकडे ताडून बघणं फार कठीण जातं.