उन्हाळ्याची लांब सुट्टी की वर्षभर विखुरलेली सुट्टी? मराठवाड्यातल्या शाळा समित्यांसाठी

‘वर्षभर शाळा’ म्हटलं की पालक दचकतात, लेकरांची सुट्टीच गेली असं त्यांना वाटतं. तसं नसतं. अमेरिकेत इलिनॉयमधल्या व्हॅली व्ह्यू भागात 1970 साली 45 दिवस शाळा आणि 15 दिवस सुट्टी असं चक्र सुरू झालं. वर्ग कमी पडत होते म्हणून मुलांचे गट करून आळीपाळीने सुट्टी द्यायची. शाळेचे एकूण दिवस जवळपास तेवढेच राहिले. नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक काउंटीत मात्र हे सक्तीचं होताच पालक कोर्टात गेले. एका भावंडाला सुट्टी अन् दुसऱ्याची शाळा, ही तिथली मोठी तक्रार. 2009 मध्ये निकाल शाळा मंडळाच्या बाजूने लागला, पण नाराजी काही निकालाने जात नाही.

आपल्याकडे पालकांचं मत गावागणिक बदलतं. परभणी, हिंगोली, जालन्याच्या सोयाबीन-कापसाच्या गावांत जुनंच बरं. दिवाळीच्या आसपास काढणी, मे महिन्यात लग्नं अन् मामाचं गाव, सगळं त्यात बसतं. लातूर शहरात शिकवण्यांनीच सुट्टी भरून टाकलीय, तिथे फारसा फरक पडणार नाही.

खरा प्रश्न बीडच्या धारूर, वडवणी, पाटोद्याकडच्या गावांचा. उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेली ऊसतोड कामगारांची जोडपी दसरा-दिवाळीनंतर उसाच्या फडावर जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. आई मोळ्या बांधते तेव्हा बारा वर्षांची पोरगी कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळते. ती गावी येते, थोडे दिवस वर्गात बसते, तोवर मे उजाडतो अन् शाळा बंद. जूनमध्ये थेट पुढचा वर्ग. अशा लेकरासाठी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे दुसरा खाडा.

म्हणून अशा गावात मी सुट्टी तोडण्याच्या बाजूने आहे. मेचे दोन-तीन आठवडे शाळा भरवा, तेवढी सुट्टी अर्धा वर्ग रिकामा असतो त्या दिवसांत द्या. आई-वडील ऊसतोडीला गेल्यावर गावीच राहिलेल्या, हंगामी वसतिगृहातल्या मुलांचं जेवण मात्र त्या सुट्टीतही चालू राहिलंच पाहिजे, नाहीतर आजीजवळ ठेवलेलं लेकरूही फडावर जाईल.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. मेमध्ये अकरा वाजता पत्र्याच्या खोलीत बसवत नाही. त्यामुळे शाळा सकाळी सातला भरून साडेदहाला सुटायला हवी. पाणी टँकरचं असेल आणि शाळेची टाकी भरली जाणार नसेल, तर हा विचार सोडून द्या. खिचडीचं म्हणाल तर 2016 च्या दुष्काळात उन्हाळी सुट्टीतही पोषण आहार द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. बाहेरगावच्या शिक्षकांना मेमध्येच घर भेटतं, त्यांनाही आधी विचारा.

हे नियमात बसतं का? वर्षात सुट्ट्या 76 पेक्षा जास्त नकोत. दिवाळी-उन्हाळ्याची सुट्टी कमी करून गणपती किंवा नाताळसारख्या सणाला देण्याची सोय आहे, शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. डिसेंबरची नाताळाची सुट्टी वाढवायची असेल तर याच वाटेने जाता येईल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, तेव्हा ठराव तुमच्याच हातात आहे. नोव्हेंबर ते एप्रिलची हजेरी वर्गवार काढा, परतलेल्या मुलांची नावं लिहा आणि नव्या वर्षाच्या सुट्ट्या ठरायच्या आत ती ठरावाला जोडून पाठवा.