नागपूरच्या महालात वन बीएचके बघून राहिले असाल तर आधी हे वाचा, माझे साडेतेहतीस हजार गेले

मी वर्ध्याहून रोज अपडाऊन करायची, इतवारीत एका होलसेलवाल्याकडे अकाउंट्स बघते. गाडी लेट झाली की घरी पोचायला रात्रीचे दहा, आई एकटी. म्हणून मागच्या महिन्यात ठरवलं की बस झालं, महालातच छोटंसं काही घेऊ, आईला कल्याणेश्वराचं मंदिर जवळ, मला दुकान जवळ.

ऑनलाइन जाहिरात सापडली. बडकस चौकाच्या मागच्या एका गल्लीत, जुना वाडा पाडून बांधलेली बिल्डिंग, दुसरा माळा, वन बीएचके, भाडं साडेआठ हजार, डिपॉझिट पंचवीस. त्या भागात एवढ्यात म्हणजे जरा स्वस्तच, पण फार स्वस्त नाही, नाहीतर मला संशय आला असता ना. माणूस स्वतः चाबी घेऊन आला, पस्तिशीतला, बोलायला इतका गोड की आई लगेच त्याला बेटा म्हणायला लागली.

आणि खरं सांगू, मी फसले ते त्याच्या खरेपणामुळे. त्याने घराचे दोष स्वतःहून सांगितले. "ताई, आधीच सांगतो, पाणी सकाळीच येते, भरून ठेवावं लागते. गाडी खाली गल्लीतच लावावी लागेल. आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा इथून गाडी काढायचं नावच घेऊ नका, काळी-पिवळी बघायला अख्खं नागपूर येते." आता असं बोलणारा माणूस चोर असेल असं कोणाला वाटेल? मी बाथरूमचा नळ सोडून पाहिला, ओल पाहिली, खिडकीच्या कड्या लावून पाहिल्या. घर पूर्ण तपासलं. माणूस तपासलाच नाही.

लाइट बिल मागितलं होतं मी, नाही असं नाही. त्याने मोबाईलवर दाखवलं, पत्ता बरोबर होता, फक्त नाव होतं तिथे त्याचा अंगठा होता. तेव्हा लक्षात आलं नाही, आता रात्री झोपताना तोच अंगठा दिसते. विचारलं तर म्हणे सासऱ्यांच्या नावावर आहे.

मग करारनामा. तो म्हणे, रजिस्टर कशाला करता, हजार रुपये नोंदणी फी, वरून स्टॅम्प ड्युटी, एजंटचे वेगळे, त्यापेक्षा पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू. मलाही पैसे वाचल्याचा आनंदच झाला, अकाउंटवाली ना मी! नंतर कळलं की 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला हा भाड्याचाच करार, लेखी आणि नोंदवलेला असलाच पाहिजे असं आहे आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. ऑनलाइन नोंदणीत दोघांचेही अंगठे आधारवर जुळवून घेतात, तिथे तो कशाला येणार होता. डिपॉझिट आणि एका महिन्याचं भाडं मिळून वीस हजार यूपीआयने दिले, साडेतेरा कॅश, कारण त्याची म्हणे लिमिट संपली होती.

एक तारखेला छोटा हत्ती भरून गेलो तर खाली अजून एक छोटा हत्ती उभा, त्यात एका नवरा-बायकोचं सामान. त्यांच्याकडेही चाबी. तीच चाबी, नवीकोरी, कापलेल्या दातांवर अजून कीस लागलेला. वर कुलूपच बदललेलं. आम्ही दोघी-तिघं एकमेकांकडे बघत राहिलो, आई जिन्यातच बसली.

खरी मालकीण धरमपेठेत राहते, बाजूच्याने नंबर दिला. तो बाबा म्हणजे तिचाच भाडेकरू, तीन महिन्यांचं भाडं थकवलेलं, आणि घर सोडायच्या आधी आम्हाला "भाड्याने" देऊन गेला. कुलूप तिनेच बदललं होतं.

मी 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण तोवर दोन दिवस गेले होते, कारण पहिले दोन दिवस "उचलेल फोन, उचलेल" यातच घालवले. तुम्ही असं करू नका, कळल्या कळल्या फोन लावा, पैसे पुढे सरकायच्या आधी थांबले तर थांबले. माझ्या वीस हजारातले सहा हजार दोनशे होल्डवर आहेत, बाकी पुढच्या खात्यात गेले. कॅशचा तर पुरावाच नाही, बाप्पा. कोतवाली पोलीस ठाण्यात तक्रार दिली, तिथे कळलं की आमच्याआधी अजून एक मुलगा येऊन गेला.

सामान नंदनवनला मावशीकडे आहे, मी परत अपडाऊन करून राहिले. परवा मालकीण काकूंचा फोन आला, घर रिकामं आहे, घेता का, भाडं साडेनऊ. मी म्हटलं काकू, टॅक्स पावती दाखवा आणि करार रजिस्टर करू. त्या चिडल्या, "माझ्यावर संशय घेता का हो?" हाव काकू, घेते. त्यानंतर काही त्यांचा फोन आला नाही.